वाघ रडला म्हणून काय झालं?

अर्बुत नावाच्या वाघाचा मला राग येतो.

तो खरा वाघ नाही, कन्नड गाण्यातला आहे. ‘गोविन हाडू’, म्हणजे गाईचं गाणं. कर्नाटकात शाळेच्या पुस्तकातून पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी ते पाठ केलंय. सोलापुरात आमच्या मराठी शाळेत ते नव्हतं, पण घरात होतं. आमचं शहरच तसलं आहे. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं ऐकू येतं, आणि माणूस कुठल्या भाषेत चिडला यावरून तो कुठल्या घरातला ते कळतं. माझी अज्जी अक्कलकोट तालुक्यातली. हिशोब मराठीत करायची, पण देवाशी बोलताना आणि आम्हाला झोपवताना कन्नडवर यायची. अर्बुत आमच्या घरात आला तो असा, रात्री, लाइट गेलेली असताना.

गोष्ट थोडक्यात सांगतो. काळिंग नावाच्या गवळ्याच्या कळपात पुण्यकोटी नावाची गाय असते. रानातून परतताना ती अर्बुताच्या तावडीत सापडते. वाघ उपाशी आहे. ती म्हणते, घरी वासरू वाट बघतंय, त्याला एकदा पाजून येते, मग खा. तो म्हणतो, येशील कशावरून? ती शब्द देते. घरी जाते, वासराला पाजते, त्याला बाकीच्या गाईंच्या हवाली करते आणि ठरल्याप्रमाणे परत येऊन वाघापुढे उभी राहते. आता वाघाला पाझर फुटतो. तू तर माझ्या बहिणीसारखी, तुला खाल्लं तर देवाला काय तोंड दाखवू, असं म्हणून तो उडी घेतो आणि प्राण सोडतो.

अज्जी हे गाणं म्हणताना रडायची. कुठे रडायची ते मला फार उशिरा लक्षात आलं. गाय वासराचा निरोप घेते त्या भागात तिचा आवाज घट्ट असायचा, भाकरी थापतानासारखा एका लयीत. वाघ उडी मारायचा तिथे तो फुटायचा. म्हणजे अज्जी वाघासाठी रडायची. आम्हीही. चार-पाच भावंडं, एका गोधडीत, आणि सगळ्यांची नाकं वाघासाठी वाहतायत. गाय जिवंत राहिली, ती घरी गेली, वासराला आई मिळाली, ह्यात कुणाला काडीचा रस नव्हता.

माझी तक्रार नेमकी हीच आहे. सगळ्या गोष्टीत कामं कुणी केली बघा. घरी जाऊन परत येणं, पोराला दुसऱ्यांच्या गळ्यात घालणं, ‘जाऊ नको’ म्हणणाऱ्या वासराला समजावणं, मरायला स्वतःच्या पायांनी चालत येणं, हे सगळं गाईने केलं. वाघाने एका जागी बसून वाट पाहिली आणि शेवटी त्याला वाईट वाटलं. तरी शेवटचा सीन त्याचा, आणि आमचे अश्रूही त्यालाच.

लहानपणी हे कळलं नव्हतं. कळलं २०२३ मध्ये, पुण्यात, हिंजवडीच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, लॅपटॉपसमोर.

त्या वर्षी जगभर आयटीतल्या नोकऱ्या जात होत्या, तशी माझीही गेली. कंपनीचं नाव नको, नावाने काही फरक पडत नाही. सकाळी अकराला कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली, विषय फक्त ‘कॅच अप’. मॅनेजर स्क्रीनवर आला तोच डोळे लाल करून. बोलता बोलता त्याचा कंठ दाटला. माझ्या करिअरमधला हा सगळ्यात वाईट दिवस आहे, म्हणाला. त्याला दोन रात्री झोप नव्हती, जेवण जात नव्हतं. आणि मी काय केलं असेल? मी त्याला धीर दिला. ‘इट्स ओके, तुमचा दोष नाही’ असं म्हणत मी त्याची समजूत काढत होतो, आणि एचआरची बाई म्यूटवर बसून मान हलवत होती. कॉल संपल्यावर पाच मिनिटांनी माझ्या ध्यानात आलं की नोकरी माझी गेलीय.

पुढे साठ दिवसांचा नोटीस पिरियड. आता ह्याला पुण्यकोटीचा शब्द नाही तर काय म्हणणार? वासराला पाजून ये, म्हणजे नवीन माणसाला केटी दे. सगळं डॉक्युमेंट कर, पासवर्ड सोपव, कुठल्या कोपऱ्यात कुठला बग झोपलाय ते सांग, आणि साठाव्या दिवशी संध्याकाळी सहाला वेळेवर येऊन उभा राहा. मी ते सगळं केलं. माझ्या टीममधला एक पोरगा लातूरचा, तो मला म्हणाला, ‘एवढं कशाला करायलास बे? टाक की तसंच.’ मला ते पटलं नाही. मला वाटत होतं की मी शेवटपर्यंत चांगला वागलो तर कुणीतरी वर बसलेलं बघेल आणि म्हणेल, अरे, हा तर आपल्या भावासारखा. त्या दोन महिन्यांत ती उडी मी रोज वाट पाहिली. उडी कुणी मारली नाही. मॅनेजरने लिंक्डइनवर एक पोस्ट लिहिली, अवघड निर्णयांनी माणूस कसा घडतो त्यावर. तिला भरपूर लाइक्स आले. माझाही एक आहे त्यात.

तर माझा मुद्दा असा की न खाणाऱ्या, किंवा खाऊन हळहळणाऱ्या राक्षसाच्या गोष्टी आपल्याला जेवढ्या निरागस वाटतात तेवढ्या त्या नाहीत. त्या आपल्याला एक सवय लावतात. खाणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायची.

आणि ही सवय फक्त अज्जीच्या काळातली नाही. तुमच्या-माझ्या पिढीला तर ह्या राक्षसांचं वेडच आहे. ‘फाइंडिंग नेमो’मधला ब्रूस शार्क आठवा, मासे खाणं सोडायचं म्हणून व्यसनमुक्ती केंद्रासारखी बैठक घेतो. ‘ट्वायलाइट’चा एडवर्ड, ज्याला बेलाचं रक्त हवंय आणि तो स्वतःला आवरतोय, आणि त्या आवरण्यालाच प्रेम म्हणायचं. ‘बीस्टार्स’मधला लेगोशी तर सरळ लांडगाच. रात्री सशाच्या पोरीवर झडप घालतो, तिला घट्ट धरतो, मग भानावर येतो आणि पुढे सगळी मालिका त्या अपराधी भावनेवर चालते. मला बीस्टार्स आवडते, खोटं कशाला बोलू, रात्र जागून पाहिलीय. पण हारू नावाची ती ससुली आणि लेगोशी यांच्यात जास्त आतडं कुणाचं दाखवलंय? कॅमेरा कुणाच्या श्वासाजवळ आहे? लांडग्याच्या.

आपल्याकडे ह्याचं आणखी एक जुनं रूप आहे. पद्मपुराणात हीच गोष्ट नंदा नावाच्या गाईची म्हणून येते. तिथला वाघ मुळात प्रभंजन नावाचा राजा. पाडसाला पाजणाऱ्या हरिणीला त्याने बाण मारला, तिने शाप दिला, तो वाघ झाला. नंदा शब्द पाळून परत येते आणि राजाची शापातून सुटका होते. म्हणजे वाघाच्या कुलुपाची किल्ली गाईच्या सत्यात ठेवलेली. तिने वासरापासून ताटातूट सोसली ती कशासाठी, तर एका राजाला त्याचं जुनं शरीर परत मिळावं म्हणून. ज्या हरिणीला बाण लागला तिचं पाडस पुढे कसं जगलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझे एक जुने सर आहेत, सोलापुरातलेच. त्यांच्याशी ह्यावर दोन-तीनदा वाद झालाय. त्यांचं म्हणणं, तू गोष्ट उलटी वाचतोस. ही सत्याच्या ताकदीची गोष्ट आहे. गाईकडे शिंगाशिवाय हत्यार नाही, तरी ती वाघाला हरवते, ते स्वतःच्या खरेपणाने. ह्याला हृदयपरिवर्तन म्हणतात, ह्याच्यावर ह्या देशाने एक अख्खी चळवळ चालवली.

मी सरांचा आदर करतो. पण हे वाक्य सोलापुरात बसून बोलायचं? आमच्या शहरात मे १९३० मध्ये मार्शल लॉ लागला होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे ही चार नावं आमच्याकडे शाळेतल्या पोराला झोपेत विचारली तरी येतात. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. वाघाला त्या दिवशी पाझर फुटल्याची नोंद कुठे नाही. आणि मिठाच्या सत्याग्रहात तरी नुसतं हृदय होतं का? मिठाचा कर होता, विलायती कापडाची विक्री होती, तुरुंग भरले होते. वाघाच्या पोटावर पाय येत होता. गाणं रचणाऱ्याने तेवढाच भाग वगळला.

शिवाय सरांच्या वाचनात एक जीवघेणी अट लपलीय. गाय वाचली, कारण ती खरी बोलली. मग ज्या गाईने घरी जाऊन वासराला पाजलं आणि म्हणाली, मी काही परत जात नाही, ती मरायच्याच लायकीची होती का? लेऑफच्या दिवसांत मी हे रोज ऐकत होतो. ‘तिला काढलं ते समजू शकतो, पण तुला? तू तर वीकेंडलाही काम करायचास.’ बोलणारे माझ्याच बाजूने बोलत होते. पण खाल्ल्या जाणाऱ्याने आधी आपलं पुण्य सिद्ध करायचं आणि मग दया मागायची, हे त्यांनी गृहीत धरलेलं होतं. जिच्याबद्दल बोलत होते तिचं मूल आठ महिन्यांचं होतं आणि ती सहाला लॉगआउट करायची, एवढाच तिचा गुन्हा.

म्हणून मला भोपळ्यातली म्हातारी जवळची वाटते. तुम्हाला माहितीच आहे ती, मराठी घरात कुणाला माहीत नाही? लेकीकडे निघालेली, हाडाची काडं झालेली म्हातारी. वाटेत वाघ भेटतो. तीही पुण्यकोटीसारखी मुदत मागते. म्हणते, आत्ता खाऊन काय मिळणार तुला, लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा. आणि परत येते ती भोपळ्यात बसून, वाघाच्या नाकासमोरून गडगडत. शब्द दिला होता? दिला होता. मोडला? साफ मोडला. आणि आजवर एकाही मराठी पोराने विचारलं नाही की म्हातारी खोटं का बोलली. पोरांना बरोबर कळतं. दात ज्याच्या हातात आहेत, म्हणजे तोंडात, त्याला दिलेला शब्द हा शब्दच नसतो. आणि भोपळा लेकीने दिलाय, हेही विसरू नका. म्हातारीला तिच्या सत्याने वाचवलं नाही, माहेरवाशिणीच्या उलट्या वाटेवर असलेल्या एका घराने वाचवलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तुझ्या मते राक्षसाने सुधारूच नये का? सुधारावं की. माझं भांडण सुधारण्याशी नाही, अश्रूंवर भागवण्याशी आहे. आणि आपल्याच जुन्या गोष्टींत ह्याहून बरे राक्षस आहेत, फक्त त्यांची गाणी झाली नाहीत.

महाभारतातला बकासुर घ्या. एकचक्रा नगरीने त्याला गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस असा हप्ता बांधून दिलेला. भीमाने बकाला मारला हे सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतरचं सहसा कुणी सांगत नाही. बकाचे नातेवाईक राक्षस आवाज ऐकून बाहेर येतात, भीम त्यांना म्हणतो, यापुढे माणसं खायची नाहीत, खाल्लीत तर तुमचीही हीच गत. ते कबूल होतात आणि पुढे गावकऱ्यांना ते निमूट वागताना दिसतात. कुणी रडलं नाही, कुणाचं हृदय बदललं नाही, एक अट घातली गेली आणि ती पाळली गेली. एकचक्रेतल्या बाईला रात्री झोप लागायला एवढं पुरेसं होतं.

किंवा हिडिंबा. भावाला माणसाचा वास आला, त्याने तिला पाठवलं, मारून आण म्हणून. तिने भीमाला पाहिलं आणि मारायचं नाकारलं. इथपर्यंत ट्वायलाइटच. पण पुढे ती धोक्याची सूचना देते, सख्ख्या भावाच्या विरोधात उभी राहते, तो मारला जातो, ज्यांच्यासाठी हे केलं ते पांडव पुढच्या वाटेला लागतात, आणि मुलगा मोठा होऊन त्यांच्याच युद्धात कर्णाच्या शक्तीने मरतो. न खाण्याची किंमत हिने भरली, आयुष्यभर, हप्त्याहप्त्याने. अर्बुताने एका उडीत सुटका करून घेतली.

पण मला सगळ्यात पटलेली राक्षसीण महाभारतात नाही, अजिंठ्यात आहे.

नोकरी गेल्यावर हातात थोडे पैसे आणि भरपूर वेळ होता. मित्राची बाइक घेऊन मी सोलापूरहून अजिंठ्याला गेलो. दोन नंबरच्या लेण्यात मूर्तीच्या एका बाजूला एक छोटं दालन आहे. लोक छत बघण्यात गुंग असतात, तिकडे फारसं कुणी वळत नाही. आत हारिती बसलीय, शेजारी तिचा नवरा पांचिक. पाचव्या शतकाच्या शेवटाकडचं काम. ही हारिती म्हणजे राजगृहातली यक्षिणी, गावातली लहान पोरं पळवून खायची. तिला स्वतःची पाचशे मुलं. बुद्धाने त्यातलं सगळ्यात धाकटं उचललं आणि भिक्षापात्राखाली लपवलं. हारिती वेड्यासारखी शोधत फिरली, शेवटी बुद्धाकडे आली. तो म्हणाला, पाचशेतलं एक हरवलं तर तुझी ही दशा, ज्यांचं एकुलतं एक तू खाल्लंस त्यांचं काय? तिला उमगलं. भिंतीवर वरच्या अंगाला दोन लहान प्रसंग कोरलेत, एकीकडे ती बुद्धावर चालून आलेली, दुसरीकडे शांत होऊन त्याच्यासमोर आलेली. खाली पोरांची रांग आहे, शाळा भरलीय, मास्तर छडी घेऊन बसलाय.

इथपर्यंत पश्चात्ताप. पण हारिती पुढे एक प्रश्न विचारते, आणि त्या प्रश्नासाठी मी तिला शंभरपैकी शंभर देतो. ती विचारते, ठीक आहे, माणसांची पोरं खाणं सोडलं, मग मी आणि माझी पोरं खाणार काय?

अर्बुताला हे सुचलं नाही. आणि बुद्ध तिला ‘श्रद्धा ठेव’ वगैरे म्हणत नाही. तो सोय लावतो. विहारात भिक्षू जेवतील तेव्हा रोज तुझा वाटा बाजूला काढतील. आणि हे नुसतं कथेत राहिलं नाही. सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी इत्सिंग लिहून ठेवतो की विहारांच्या दारात किंवा भोजनशाळेच्या कोपऱ्यात हारितीची प्रतिमा असायची आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवलं जायचं. एका राक्षसिणीची भूक संपली असं कुणीच मानलं नाही. भूक राहणारच, तिच्यासाठी रोजची वाटी ठरवून दिली. पश्चात्तापाचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणा ना.

त्या दालनात मी बराच वेळ उभा होतो. शेवटी पहारेकरी म्हणाला, साहेब, पुढं चला, मागं लोक थांबलेत. मी थांबलो होतो ते मूर्ती बघण्यासाठी नाही. मला माझंच एक तिकीट आठवत होतं. तिकीट म्हणजे आमच्या भाषेत कामाची नोंद, जी सिस्टीममध्ये पडून राहते.

हे आता सांगायला हवं, नाहीतर हा सगळा लेख मी गाईच्या जागेवर बसून लिहिलाय असं होईल. त्याच कंपनीत, लेऑफच्या आधी, आमच्या टीमकडे एका कर्ज देणाऱ्या ॲपचं काम होतं. हप्ता चुकला की मेसेज जायचे. टीममध्ये मराठी मीच, म्हणून मराठी मेसेज मी लिहिले. पहिला नम्र, दुसरा कडक, तिसरा असा की घरातल्या कुणी वाचला तर घाबरावं. लिहिताना मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून तिसऱ्या मेसेजमध्ये मी स्वतःहून एक वाक्य घातलं, आम्ही तुमची अडचण समजू शकतो, ह्या अर्थाचं. रिव्ह्यूमध्ये ते सगळ्यांना इतकं आवडलं की बाकीच्या भाषांतही टाकायला सांगितलं. माझ्या पश्चात्तापाचं त्यांनी फीचर केलं, आणि मला त्या तिमाहीत शाबासकीचा मेल आला.

त्या मेसेजला लोक उत्तरं द्यायचे. ती एका टेबलात साठायची, वाचायला कुणी नेमलेलं नव्हतं. एका रात्री कशासाठी तरी मी ते टेबल उघडलं. बहुतेक शिव्या होत्या. मधेच एक होतं, मराठीत पण इंग्रजी लिपीत, स्पेलिंग कसंही: साहेब, सोमवारी भरतो, शब्द देतो, घरी फोन करू नका. मी त्या खात्याची नोंद बघितली. सोमवारी भरलेले होते. दंडासकट, कारण सिस्टीमला फक्त तारीख कळत होती, शब्द ठेवायला जागाच नव्हती. आणि मधल्या शनिवारी तिसरा मेसेज गेलेला होता. माझं समजूतदार वाक्य त्यात होतंच.

ह्या धंद्यात अशा शब्दाला नाव आहे, पीटीपी, प्रॉमिस टू पे. अनेक ठिकाणी त्याची सोय असते. आमच्याकडे नव्हती. एक रकाना, एक अट, की माणसाने तारीख दिली असेल तर तोवर मेसेज थांबवा. माझ्या हिशोबाने चार दिवसांचं काम. मी तिकीट टाकलं. त्यावर ‘कमी महत्त्वाचं’ असा शिक्का बसला. मी एकदा मीटिंगमध्ये विषय काढला, कुणी म्हणालं पुढच्या तिमाहीत बघू, आणि मी गप्प बसलो. मला वाईट वाटत राहिलं. मित्रांना बिअरवर मी हा किस्सा दोन-तीनदा सांगितला, आणि प्रत्येक वेळी ते म्हणाले, यार, तू फार संवेदनशील आहेस. ते ऐकायला मला बरं वाटायचं.

नोटीस पिरियडमध्ये केटी देताना मी ते तिकीट नवीन पोराला दाखवलं. म्हटलं, हे असंच पडलंय, जमलं तर बघ. तो म्हणाला, नक्की सर. त्याच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला. पुढे काय झालं कळायला मार्ग नाही, माझा लॉगिन साठाव्या दिवशी बंद झाला.

तेव्हा अर्बुताचा राग येतो तो नुसत्या मॅनेजरमुळे येत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आता मी सोलापूरला परत आलोय. घरूनच एका लहान कंपनीचं काम करतो. अज्जी ऐंशीच्या पुढे गेली, ऐकू कमी येतं, पण गाणं पाठ आहे. आणि मधल्या काळात आमच्याकडे खराखुरा वाघ येऊन गेला. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात तो दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला, मधला अख्खा मुलूख ओलांडून. मग आमच्या जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातही त्याचा वावर सुरू झाला. त्याने जनावरं मारली, शेतकरी रात्री रानात पाणी द्यायला जायला घाबरू लागले, वनखात्याची माणसं त्याला पकडायला मागे लागली. गोठ्यातली गाय गेली की पंचनामा, मग भरपाईचा अर्ज. बार्शीत कुणीही त्या वाघाकडून शरमेची अपेक्षा केली नाही. गाय किती लिटरची होती, एवढंच लोक विचारत होते.

मी अज्जीला मोबाइलवर त्याची बातमी दाखवली. म्हटलं, बघ, तुझा अर्बुत आला. तिने चष्मा पुसून बराच वेळ फोटो बघितला. मग मी माझं म्हणणं तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. की त्याने उडी मारायला नको होती. काळिंगकडे जायला हवं होतं, सांगायला हवं होतं की बाबा, मला रोजचं काहीतरी ठरवून दे, म्हणजे मी तुझ्या कळपाला हात लावत नाही. मला वाटलं ती चिडेल, चाळीस वर्षं रडलेलं गाणं मी मोडतोय म्हणून.

ती हसली. म्हणाली, ‘काळिंगकडं? अरे, काळिंगला कळलं असतं तर भाला घेऊन आला असता की. गाय एकदा घरी जाऊन आली म्हणजे गावभर झालेलं होतं. वाघ काय खुळा नव्हता.’

मी विचारलं, मग तू रडायचीस कशाला?

‘गाणं तसंच आहे,’ ती म्हणाली. ‘फोन ठेव आता, कुकरच्या शिट्ट्या मोज. मला ऐकू येत नाहीत.’